दहापैकी नऊ

मथुरा लग्न होऊन गोराईला आली तेव्हा नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच होती. वेसाव्याची ती, हाडापेरानं दणकट. उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच सासऱ्यानं तिला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बरं झालं, शिडी घरातच आली." मांडवातली माणसं हसली. महादू, म्हणजे नवरा, तोही हसला. सासरा मात्र थट्टा करत नव्हता. त्याच्या डोक्यात वलांडी होती.

किनाऱ्यावर बांबू रोवायचे, त्यांना एकावर एक सहा-सात आडव्या दोऱ्या बांधायच्या, की झाली वलांडी. तिच्यावर ओले बोंबील वाळत घालायचे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टाकायची. खालच्या दोऱ्या पोरीसोरीही भरतात. वरची दोरी डोक्याच्या हातभर वर असते. तिथं उंच बाई लागते, नाहीतर स्टूल लागतं, आणि वाळूत स्टूल धड उभं राहत नाही.

महादूच्या घराण्याच्या वलांडीवर आळीतल्या सात-आठ बायका मिळून काम करत, आणि तिथं एक जुनी रीत होती. वरच्या दोरीला जिचा हात, तिचा शब्द. बोंबील पालटायचे कधी, उतरवायचे कधी, आभाळ भरून आलं तर ताडपत्री ओढायची का थांबायचं, हे तीच बोलणार आणि बाकीच्या ऐकणार. वारा म्हणे आधी वर लागतो. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं.

हा शब्द आधी मालन नावाच्या चुलतसासूकडे होता. तिचा पाय मोडला, ती अडीच महिने घरी बसली, आणि तेवढ्यापुरती मथुरा वर उभी राहिली. पाय बरा झाल्यावर मालन आली. वरच्या दोरीला हात लावून बघितला. दुपारी वारा पडला तसं तिनं तोंड उघडलं, पण सगळ्या बायका मथुराकडे बघत होत्या. मालननं तोंड मिटलं आणि त्या दिवसापासून ती खालच्या दोरीवर बसून काम करू लागली. त्याला आता एकतीस वर्षं झाली. मथुरानं काही हिसकावून घेतलं नव्हतं. पण मधेच हात खाली आला की शब्द कसा जातो, हे तिच्याइतकं नीट कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर खांदा धरला तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही.

दुखणं विचित्र होतं. हात खांद्याएवढा उचलला तर ठीक. पूर्ण वर गेला, कानाला लागला, की तेव्हाही ठीक. मधल्या टप्प्यात मात्र कुणी आतून चिमटा काढावा तशी कळ यायची. बोंबील टांगणाऱ्या बाईचा हात दिवसातून हजारदा त्याच मधल्या वाटेनं वर जातो आणि खाली येतो. होळीपर्यंत ती डाव्या हातानं उजवं कोपर ढकलून वर चढवू लागली. महादूनं राईचं तेल चोळलं, मग मेडिकलमधून ट्यूब आणली. मे महिन्यात तिच्या वरच्या दोरीवर मधेमधे रिकाम्या जागा दिसायला लागल्या, आणि त्या शेजारच्या शकुनं बघितल्या.

"मथुरा, दात पडलेत काय गो तुझ्या दोरीचे?"

"तुझे पडतील आधी," मथुरा म्हणाली. पण त्याच रात्री जेवताना सुनेला, कल्पिताला, तिनं सांगून टाकलं.

कल्पिता बोरिवलीत एका कुरिअरच्या ऑफिसात होती. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या, वलांडीच्या दोऱ्या सुटल्या, तशी ती सासूला खाडीपलीकडे इस्पितळात घेऊन गेली. तिथं डॉक्टर हितेश नावाचा तिशीतला, चष्मेवाला, हसतमुख हाडांचा डॉक्टर होता. त्यानं मथुराचा हात वळवून, उचलून, दाबून बघितला.

"मावशी, खांद्यावर हे हाड आहे ना, ते छपरासारखं. त्याच्या खालून एक शीर जाते, दोरीसारखी. हात वर केला की दोरी छपराला घासते. घासली की सुजते. सुजली की अजून घासते."

हे मथुराला लगेच समजलं. बांबूच्या खाचेत घासून दोरी कशी पिंजते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तर त्या छपराखालच्या पोकळीत सुईनं औषध सोडायचं. तिथं पोचायच्या दोन वाटा आहेत. एक मागून, हाडाचा कोपरा बोटांनी चाचपून. दुसरी बाजूनं, सोनोग्राफीच्या मशीनवर सुई कुठं चाललीय ते बघत. आम्ही दोन्हींची तुलना करतोय. चाळीस पेशंट आहेत. कुणाला कुठली, ते बंद पाकिटात असतं. मी ठरवत नाही."

"त्यातली बरी कुठली?"

"तेच तर शोधतोय."

"म्हंजे तुना म्हाईत नाय, नि तू टोचतोस?"

कल्पितानं कोपरानं ढोसलं. "आई!"

डॉक्टरला हसू आलं. "दोन्ही चालतात मावशी. दोन्ही वर्षानुवर्षं देतोय आम्ही. जास्त कुठली चालते, एवढंच बघायचंय."

मथुरानं सही केली. पाकीट फोडलं, तर मागून, चाचपून देण्याची सुई निघाली. त्याआधी तिला शेजारच्या खोलीत नेत्रा नावाच्या मुलीकडे पाठवलं. नेत्रा व्यायामाची डॉक्टर. हात किती अंश वर जातो ते ती एका प्लास्टिकच्या पट्टीनं मोजायची आणि दुखणं किती ते विचारून लिहायची. कुणाला कुठली सुई मिळाली हे तिला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. कळलं तर लिहिताना मन एका बाजूला झुकतं.

"मावशी, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे आयुष्यात सोसलं नाही इतकं."

मथुरानं मनाशी तोललं. सहा होतं. आठ महिने अंगाखांद्यावर बाळगलेलं दुखणं, त्याचं वजन तिला पक्कं माहीत होतं. पण सहाला सहा कोण सांगतं? तीस वर्षं ती मरोळच्या सुक्या बाजारात बोंबील विकत आली होती. सहाला द्यायचं तर नऊ सांगायचं. समोरचा चार म्हणतो. आपण तोंड फिरवायचं. तो चार पावलं जातो, परत येतो, आणि बोलता बोलता दोघं सहावर येतात. दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं. सरळ सहा सांगितलं तर तो तीन देऊन मोकळा होतो, वर माल हलका समजतो. यात लबाडी नव्हती. आकडा बोलायची हीच तऱ्हा तिला ठाऊक होती.

"नऊ," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली.

मागून पेनाचा आवाज आला.

"लिवलंस?"

"हो."

"नऊच?"

"तुम्हीच म्हणालात ना, मावशी?"

मथुरानं तिच्याकडे निरखून बघितलं. पोर सुशिक्षित दिसत होती. परतताना बोटीत ती कल्पिताला म्हणाली, "पोरगी लय भोळी हाय. बाजारात बसवली तर दोन दिसांत वाट लागंल तिची."

कल्पिताला काही समजलं नाही. ती मोबाइलमध्ये होती.

सुईनं पहिल्या दिवशी खांदा बधिर झाला, पुढचे दोन दिवस आणखी ठणकला, आणि मग हळूहळू उतरायला लागला. मथुराचं ऐकून आळीतल्या आणखी चौघी त्याच डॉक्टरकडे गेल्या. सगळ्यांचे खांदे त्याच कामानं गेलेले. त्यात शकुही होती. शकुला मशीनवाली सुई मिळाली.

पावसाळ्यात बायका शकुच्या ओटीवर जवळा निवडायला बसायच्या. तिथं दोन्ही सुयांचा निकाल रोज लागायचा.

"मना टीव्हीवर बघून टोचली गो," शकु म्हणायची. "आतलं सगलं दिसत होतं. हाड, सुई, सगलं. तुना नुसती चाचपून?"

"चाचपून म्हंजे काय? चांगला हाडाचा कोना धरून टोचली त्यानं. तू सरंगा घेतेस तो काय मशीनीत घालून घेतेस? कल्ले उचलून, बोट दाबूनच ना? हाताला कलतं."

"हाताला कललं असतं तर मशीन कशाला आणली असती?"

"ज्याच्या हाताला कलत नाय त्याच्यासाठी."

बाकीच्या तिघी आपापल्या सुईप्रमाणे बाजू घ्यायच्या. पाचांत दोघी मागूनच्या, तिघी मशीनच्या. मशीनवाल्या थोड्या ताठ बसू लागल्या. मथुराला ते दिसत होतं. ती ओटीवरून उठली की किनाऱ्यावर जायची, उघड्या बांबूपाशी उभी राहायची आणि वरच्या खाचेला बोट लावून यायची. मधली कळ अजून होती, पण पूर्वीची सहाची आता तीनची झाली होती. दसऱ्यानंतर दोऱ्या बांधतील, तोवर आणखी उतरेल, असा तिचा हिशेब होता.

दीड महिन्याची तारीख पावसानं बोटी बंद असल्यामुळं हुकली, ती महिन्यानं पुढची मिळाली; तोवर बाकीच्या चौघी जाऊन आल्या होत्या. त्या दिवशी नेत्रा रजेवर होती. कोन मोजायची पट्टी तिच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. वहीवर बसलेल्या दुसऱ्या एका मुलीनं मान वर न करता विचारलं, "दुखणं दहापैकी किती?"

मथुराला वाटलं, आज तरी कुणी घासाघीस करणारं भेटलं. मागच्या वेळी नऊ न घासता घेतले होते. गिऱ्हाईक ओळखीचं झालं. म्हणून तिनं एक उतरवला.

"आठ."

मुलीनं आठ लिहिले.

डॉक्टर हितेशनं कागद बघितला आणि त्याचं हसू मावळलं. बाहेर तीस-चाळीस माणसं खोळंबली होती.

"मावशी, नवाचे आठ. म्हणजे सुईनं काहीच काम केलं नाही. एमआरआय काढू. आतली शीर फाटली असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल."

"नि मंग?"

"मग चार महिने खांद्याच्या वर हात न्यायचा नाही." तो जरा थांबला आणि बहुधा धीर द्यायला म्हणून म्हणाला, "मशीनवाल्यांचं छान चाललंय. तुमच्या शेजारच्याच मावशी, दहावरून तीनवर आल्या. तुम्हाला पाकीटच नेमकं दुसरं निघालं."

चार महिने. मालनचा शब्द अडीच महिन्यांत गेला होता.

बोटीतून मथुरा उतरली ती थेट शकुच्या ओटीवर. शकु एकटीच सुपात जवळा पाखडत होती.

"शकु, खांदा कसा हाय तुझा?"

"कसा असणार? होता तसाच हाय. एक आणा उतरला असंल."

"मंग डाक्टरला तीन कशे सांगितलेस?"

शकुनं सूप खाली ठेवलं. "अगो, बिचारा तो. पयल्या टायमाला दहा सांगितले, न घासता घेतले त्यानं. गरीब माणूस. दुसऱ्या टायमाला मनात आलं, किती लुटायचं? म्हटलं जा बाबा, तीन घे."

मथुरा ओटीच्या कडेवर बसली. आधी तिला हसू आलं. मग तिनं आपले नऊ आणि आठ आठवले, आणि हसू जागीच विरलं. शकुचा खांदा होता तसाच होता आणि कागदावर बरा झाला होता. तिचा खरोखर उतरला होता, आणि कागदावर तो कापायला निघाला होता.

"आता काय करतेस?" शकुनं विचारलं.

"खरा भाव सांगून येते."

"येडी झालीस? खोटं बोललीस म्हणून हाकलतील तुना. नि मनापण."

"खोटं कुठं बोललो आपण?" मथुरा म्हणाली. आणि ते तिला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. नेत्रा रजेवरून आली होती.

"मावशी, आज तुमची तारीख नाही."

"म्हाईत हाय. ते नऊ नि आठ, ते भाव होते."

"काय होते?"

"भाव गो! सांगायचे. तू कमी करशील म्हणून. तू केलेच नाय. ती दुसरी पोरगी, तिनंपण नाय केले."

नेत्रानं पेन खाली ठेवलं. तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ती हसायलाच लागली, टेबलाला हात लावून हसली. "आम्ही घासाघीस करत नाही मावशी. तुम्ही सांगाल तेच लिहितो."

"तेच तर चुकतं तुमचं. माणसानं सांगितलं नि लगेच लिवलं? मना तर पाठीमागून..."

"नको! सुई कुठली ते मला सांगू नका." मग नेत्राचं हसू एकदम थांबलं. "मावशी, तुमच्या आळीतल्या किती जणी येता इथं?"

"पाच."

"सगळ्या बाजार करता?"

"मंग काय हापिसात जातो?"

नेत्रा उठून डॉक्टरला घेऊन आली. तो उभ्यानंच वही उलटत राहिला. नऊ-आठ, दहा-तीन, नऊ-चार, दहा-पाच, आठ-आठ. चाळिसांतल्या पाच. बाहेर शिपाई कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता.

"खोडा की मंग," मथुरा म्हणाली.

"खोडता येत नाही. शेजारी लिहावं लागेल, काय झालं ते. आणि पाचही जणींना परत बोलवायचं, परत विचारायचं." डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "पंधरा दिवसांपासून मी सगळ्यांना सांगत सुटलोय, मशीनवाली सुई झकास म्हणून."

"त्यांना बोलवाल तेव्हा पयलं सांगा, इथं एकच भाव," मथुरा म्हणाली. "पाटी लावा."

"आता तुमचा एकच भाव सांगा," नेत्रा म्हणाली. "आधी किती होतं, आज किती आहे."

"आधी सहा." ते सोपं गेलं, जुना माल होता तो. आजचं सांगताना मात्र जीभ अडखळली. आकडा सरळ सांगायचा, आणि तो होता तसाच समोरचा घेणार. मधे बोलणं नाही, तोंड फिरवणं नाही, परत येणं नाही. तिनं उजवा हात हळूहळू वर नेला, मधल्या जागेवर थांबवला आणि डोळे मिटून कळ ऐकली.

"तीन," ती म्हणाली.

नेत्रानं लिहिले. मथुराला भर बाजारात पदर सुटल्यासारखं झालं.

पट्टी लावली. हात जवळजवळ कानापर्यंत जात होता. डॉक्टरनं एमआरआयचा कागद फाडला. रबरी पट्ट्याचे व्यायाम सांगितले, रोज दोनदा. वरची दोरी धरायला हरकत नाही म्हणाला. पण सलग तासभराच्या वर नाही. तास झाला की तासभर हात खालीच. नाहीतर छपराखाली पुन्हा सूज, आणि मग ऑपरेशन टळायचं नाही.

"वरचं काम कुणाबरोबर तरी वाटून घ्या ना," तो सहज म्हणाला. शब्द वाटून घेता येत नाही, हे त्याला कुठून कळणार?

जाताना दारात तिनं विचारलं, "आता सांग, बरी कुठली? मशीन का हात?"

"आता मलाच माहीत नाही, मावशी."

"पयल्या दिवशीपण हेच सांगितलंस."

पाचही जणी परत गेल्या. शकुनं वाटभर कुरकुर केली आणि तिथं मुकाट्यानं खरे आकडे सांगितले: आधी सात, आता सहा. सगळ्यांचे खरे आकडे लागले तसा मशीनचा ताठा उतरला. पाच जणींत कुणाला मागूनची लागू पडली होती, कुणाला बाजूची, कुणाला कुठलीच नाही. चाळिसांचा निकाल यायला अजून वर्ष होतं. ओटीवर सुयांवरून बोलणं बंद झालं आणि बायका सुनांवर घसरल्या.

दसरा झाला. वलांडीला नव्या दोऱ्या बांधल्या. मथुरानं आदल्या दिवशी शकुच्या सुनेला, उत्तराला, हाक मारली. पंचविशीची, पाच फूट आठ इंच, शांत मुलगी.

"एक तास मी वर, एक तास तू. मोबाइलात घंटा लाव."

उत्तरानं सासूकडे बघितलं. शकुनं मथुराकडे बघितलं. "नि शब्द?" शकुनं विचारलं.

"जिचा हात वर, तिचा," मथुरा म्हणाली. "रीत हाय ती काय बदलली नाय."

पहिल्या दिवशी सकाळी मथुरानं वरची दोरी धरली. तीनची कळ दोनची झाली होती. तास भरला, घंटा वाजली, ती खाली आली आणि खालच्या दोरीवर बसून जोड्या लावू लागली. उत्तरा वर गेली.

साडेअकराला मनोरीच्या बाजूनं काळं आभाळ सरकलं. वारा पडला. बायकांचे हात थांबले, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं सगळ्यांच्या माना मथुराकडे वळल्या. उत्तराचीही. मथुरानं आभाळ बघितलं होतं. ते पाण्याचं नव्हतं, खाडीवरून वसईकडे निघून जाणारं होतं. तिनं मान खाली घातली, एक बोंबील उचलला, दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि दोरीवर टाकला.

माना हळूहळू वर वळल्या.

"ओढा," उत्तरा म्हणाली. "ताडपत्री ओढा."

ताडपत्री ओढली. पाऊस आला नाही. पाऊण तासानं लख्ख ऊन पडलं, तोवर आतल्या आत बोंबलांना घाम फुटून ते मऊ पडले होते. "तुना डोले हायत का बटणं?" शकु सुनेवर खेकसली. उत्तराचे कान लाल झाले.

"तिला कशाला बोलतेस? मीपण पयल्या वर्षी चारदा ओढली होती," मथुरा म्हणाली. खरं तर तिनं दोनदाच ओढली होती.

घंटा वाजली. उत्तरा बाजूला झाली. मथुरा उठली, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि हात वर नेला. मधे कळ आली. ती जाऊ दिली. वरच्या दोरीवरचा एक बोंबील दोन बोटांत धरून तिनं दाबून बघितला.

"पालटा," ती म्हणाली, आणि सात जणींचे हात दोऱ्यांकडे गेले. पुढची घंटा व्हायला अजून अठ्ठावन्न मिनिटं होती.